धुतल्यावर उरलेल्या पेशी

३ मार्च, सोमवार

परत न्हाई चिकटल्या. एकपण न्हाई!

सकाळी दैवशालानं प्लेट बाहेर काढली, मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि कितीतरी वेळ डोळा हटवलाच न्हाई. मला वाटलं, दिसून राह्यलं काहीतरी. मंग बाजूला झाली. "बघ तूच."

बघितलं. प्लेटच्या साध्या प्लास्टिकवर पेशी कशा मस्त पसरलेल्या — लांबट, टोकं काढून, एकमेकींना खेटून. आणि तिच्या फिल्मवर? गोल गोल गोळे. तरंगून राह्यलेले. जरा धुतलं की साफ.

फिल्म म्हणजे रेशमाची. पिंपळगाव रेणुकाईला तिच्या बापाचं रेशीम किड्यांचं शेड आहे, तिथले कोष. ते उकळायचे, विरघळवायचे, ते पाणी डिशमध्ये ओतून वाळवायचं — काचेसारखा पातळ पापुद्रा निघतो. त्याच्या चकत्या कापून त्यावर उंदराच्या कातडीतल्या पेशी सोडायच्या. धरल्या, वाढल्या, तर पुढंमागं भाजलेल्या माणसाच्या जखमेवर अशी फिल्म लावता येईल म्हणे. न धरल्या तर कचऱ्यात.

हा तिचा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट. मी मदतनीस. ती माझ्याच वर्गात होती. पुढच्या बाकावर वेणी. मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं — एचओडीच्या टेबलाची काच फोडून. "तुमच्यासारख्यांना कशाला पाहिजे सायन्स?" म्हणला होता. आज म्हणला तर आजपण फोडीन.

या दुसऱ्या कॉलेजच्या लॅबमध्ये तिनंच लावलं मला. मॅडमला म्हणली होती — डोकं गरम आहे त्याचं, पण हात थंड आहे.

हात तेवढा दिसला तिला!

७ मार्च, शुक्रवार

सत्यशीला मॅडम — तिच्या गाईड — आज सरळ बोलल्या. मे महिन्यात हैदराबादची मुलाखत आहे, पीएच.डी.च्या जागेसाठी. "फिल्मवर पेशी धरल्याचा एक तरी फोटो पाहिजे, दैवशाला. नाहीतर काय दाखवशील त्यांना? रिकामी प्लेट?"

नंतर टपरीवर चहा घेताना मी विचारलं, "न्हाई लागली जागा तर?"

"तर अंगददादानं पोरगा बघून ठेवलाय. भोकरदनचा. खताचं दुकान हाय. फोटोत बुलेटवर बसलाय, पण बुलेट दुसऱ्याची वाटते."

"आणि लागली तर?"

"तर पाच वर्षं सुटले मी."

"कोणापासून?"

"सगळ्यांपासून. तुझ्यापासून पण!" हसली.

मी पण हसलो. ग्लास ठेवताना सांडला तेवढा.

म्हणजे पेशी धरल्या तर ती हैदराबादला. न्हाई धरल्या तर बुलेटवर. माझं नाव दोन्हीकडं न्हाई.

१२ मार्च, बुधवार

आर्यनची कॉलर धरली.

त्याचा प्रोजेक्ट बुरशीवर. त्याच्या प्लेटा कधी कुठं ठेवंल नेम न्हाई. मला बराबर वाटलं, ह्याच्यामुळंच आपल्या पेशी मरून राह्यल्या. गेलो आणि धरली. तो म्हणला, "सोड राजा! अरे, माझ्या बुरशीनं मेल्या असत्या तर बाजूच्या प्लास्टिकवरच्या पण मेल्या नसत्या का? दोष तुमच्या फिल्ममध्येच हाय, येड्या!"

बरोबर होतं त्याचं. त्याचाच जास्ती राग आला.

मॅडम बाहेर आल्या. "राजानंद, यानंतर तुझा आवाज कॉरिडॉरपर्यंत आला तर तू पण कॉरिडॉरमध्येच."

जाताना दैवशाला म्हणली, "भांडून पेशी चिकटत असत्या तर मीच भांडले असते."

१८ मार्च, मंगळवार

मॅडम म्हणल्या कोष बदला. इथं जालन्यात एवढा मोठा कोषांचा बाजार, दुसऱ्या कोणाचे घ्या. दैवशाला खाली बघून म्हणली, "बाबांच्याच कोषाचं करायचं होतं, मॅडम." मॅडम म्हणल्या हा हट्ट आहे.

मी बाजारातून किलोभर आणले. तिनं हात न लावता विचारलं, "चांगलेत का?"

चांगले होते. पण मी म्हणलो, "तुमच्यासारखे न्हाईत."

२८ मार्च, शुक्रवार

बाजारातल्या कोषांची फिल्म — तीपण फेल! तेच गोळे, तेच तरंगणं.

आणि ही बाई खूश झाली! खरंच. डोळ्यात पाणी आणि तोंडावर हसू. "बघ! बाबांचा माल खराब न्हाई!"

मुलाखत दीड महिन्यावर आणि हिला बापाच्या मालाचं पडलंय. अशा पोरीवर माणसानं जीव लावू न्हाई. सांगून काय उपयोग, लावून बसलो.

२ एप्रिल, बुधवार

लिहायला हात होत न्हाई. पण लिहितो.

माझ्यामुळंच.

रेशीम विरघळवायला एक तेज मीठ लागतं — खायचं न्हाई, लिथियमवालं. नंतर ते सगळं काढून टाकावं लागतं. त्यासाठी विरघळलेलं रेशीम एका पातळ नळीसारख्या पिशवीत भरून डिस्टिल्ड पाण्याच्या बकेटीत सोडायचं. मीठ पिशवीतून हळूहळू पाण्यात उतरतं. पाणी बदलत राह्यचं. ते बदलायचं काम माझं.

आता पाण्याचं काय आहे — नळाला आठ-दहा दिवसांनी येतं. डिस्टिल्ड पाणी बनवायचं यंत्र एक बादली द्यायला सहा-सात बादल्या नळाचं पाणी गिळतं. मी डोकं लावलं. दोन बकेटी ठेवल्या. पहिलीतनं काढायची पिशवी, दुसरीत सोडायची. परत काढायची, परत पहिलीत. घरी आई धुणं असंच काढते, एका बकेटीतून दुसऱ्या. पाणी दिसायला तर आरशासारखं! मॅडमनी फेब्रुवारीत कौतुक केल्तं, राजानंद आला तसं यंत्र कमी चालतं म्हणून.

आज एक बकेट खिडकीत ऊन खात राह्यली होती. पार वाळली. आतून कडेनं पांढरी रेघ. आधी काही वाटलं न्हाई. बोअरच्या पाण्यानं आपल्याकडं कोणत्या बकेटीला पांढरं धरत न्हाई? पण पुढं गेलो आणि परत फिरलो. ह्या बकेटीत बोअरचं पाणी पडलंच न्हाई कधी! डिस्टिल्डला कशाची आली रेघ?

मीठ. सगळं मीठ तिथंच फिरून राह्यलं होतं. ह्या बकेटीतून त्या बकेटीत. तेच फिल्ममध्ये, तेच पेशींच्या पोटात.

दैवशालाला जाऊन उभ्या उभ्या सांगितलं. बकेट पुढं धरली. म्हणलो, "मला हाकल. मॅडमला सांग आणि हाकल."

तिनं नखानं ती रेघ खरवडली. बघत राह्यली. मंग हसायला लागली. एवढी हसली की स्टूलावर बसावं लागलं. "धुण्यासारखं? रेशमाचं धुणं काढलंस तू, राजा?"

"हसू नको ना."

"अरे, मी रोज बघत होते त्या दोन बकेटी. मला पण काही वाटलं न्हाई. आमच्या घरी पण तसंच काढतात." मंग डोळे पुसले. हसण्याचं पाणी का दुसरं, समजलं न्हाई. "आणि तुला हाकलल्यावर पाणी कोण बदलंल?"

५ एप्रिल, शनिवार

पाणी! बॅटरीच्या दुकानातनं दोन कॅन उचलून आणले, डिस्टिल्ड लिहिलेलं होतं वर. मॅडमनी डोक्याला हात लावला. "ट्रॅक्टर चालू करायचाय का आपल्याला?"

शेवटी त्यांनी ओळखीच्या फार्मसी कॉलेजला फोन लावला. रोज गाडीवर कॅन बांधून आणतो. दर वेळी जुनं पाणी ओतून देतो मोरीत. ओतताना जिवावर येतं. एवढं नितळ पाणी! लहानपणापासून कधी ओतलं न्हाई.

दैवशाला म्हणली, "ओत. बघू नको. ओत."

कोष तिच्या बापाचेच. ह्या वेळी मॅडम काही बोलल्या न्हाईत.

१४ एप्रिल, सोमवार

केदारखेड्याला घरी आलो, जयंती. मिरवणुकीत नाचून पाय गेले. तिचा मेसेज — "जय भीम, राजा." आजवर कधी केला न्हाई. परत परत उघडून बघितला. आईनं विचारलं, मोबाईलात काय सापडलं एवढं?

२२ एप्रिल, मंगळवार

आज धुणं. म्हणजे खरं धुणं, परीक्षेचं.

काल प्लेटच्या काही खान्यात फिल्मवर, काही खान्यात नुसत्या प्लास्टिकवर पेशी सोडल्या. आज वरचं गुलाबी पाणी, म्हणजे पेशींचं खाणं, काढून फिल्म धुवायची. ज्यांनी धरलंय त्या राहतात, ज्या नुसत्या बसल्यात त्या वाहून जातात. राह्यलेल्या मोजायच्या. बास, एवढीच परीक्षा. तिनं पिपेट माझ्याकडं दिली, तुझा हात थंड आहे म्हणून.

"काठावरून सोड. वरून सोडलं तर धरलेल्या पण उठतात. आणि लई हळू पण नको, नुसत्या बसलेल्या राहून जातील. सगळ्या खान्यात सारखं. धुताना मन घालू नको, पाणी घाल."

पिपेट भरली. आणि खरं सांगतो — आलं मनात. वरून एक जोराची धार. कोणाला कळणार? हैदराबाद गेलं वाहून. ती इथंच. पण इथं म्हणजे माझ्याजवळ थोडीच, इथं म्हणजे भोकरदनला. ते पण आलं मनात.

काठावरून सोडलं. सगळ्या खान्यात सारखं. प्लास्टिकवर जसं, फिल्मवर तसंच.

तिनं बघितलं. माझी मान धरून मायक्रोस्कोपवर टेकवली.

धरल्या होत्या. सगळीकडं! टोकं काढून, ताणून, पसरून. तिच्या बापाच्या रेशमावर.

तिचा हात माझ्या मानेवर होता. ती विसरली होती. मी हललोच न्हाई.

२४ एप्रिल, गुरुवार

पिवळं औषध घातलं, जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात. सगळे खाने जांभळे! आर्यननं मला उचललं. आर्यननं!

२१ मे, बुधवार

मुलाखत झाली, निकाल पण आला. लागली! मॅडमनी सगळ्या लॅबला पेढे दिले. हैदराबादच्या संस्थेचं पत्र बोर्डावर टाचणीनं लावलं — नाव, पत्ता, फोन, सगळं. तेवीस जूनला रुजू व्हायचं.

तीच ती सगळीकडं. फोटो काढून राह्यली, फोनवर बोलून राह्यली. मी मोरीत काचसामान धुत बसलो. स्वच्छ होतं ते पण परत धुतलं.

संध्याकाळी आली तिथं. दाराला टेकून उभी राह्यली.

"अभिनंदन न्हाई केलं तू."

"केलं की मनात."

"राजा, तू सेकंड इयर पूर्ण कर ना. फॉर्म भर ह्या वर्षी."

"भरून काय करू? पाच वर्षं काय करू?"

म्हणली, "आधी भर तर. मंग बघू."

मंग बघू! काय बघू? कधी बघू? तीन वर्षं एक शब्द ऐकायला बसलो होतो आणि मिळाले हे दोन. ह्यात आहे काही का नुसतं बोलायचं म्हणून बोलली? विचारायला पाहिजे होतं. न्हाई विचारलं. तोंडानं भांडायचं तेवढं शिकलो.

"घरी सांगितलं?" एवढंच विचारलं.

"सांगितलं."

"काय म्हणले बाबा?"

"जा म्हणले." आणि गेली.

१४ जून, शनिवार

आज रूम सोडून गावाला गेली. तिथून परस्पर हैदराबाद. स्टँडवर आम्ही सगळे. गाडी लागल्यावर मला बाजूला घेऊन म्हणली, "पोचले की फोन करीन मी. तू नको करू. दादाच्या हातात असतो मोबाईल कधी कधी."

मी तोंड फिरवून उभा. कशाचा राग आल्ता काय माहीत. सगळ्यांना हात केला तिनं, मला पण केला. मी केला न्हाई.

गाडी गेल्यावर केला. येडाच आहे मी.

१६ जून, सोमवार

लॅब म्हणजे नुसतं फ्रीजचं घर्रर्र. तिच्या स्टूलावर आर्यन बसला, उठ म्हणलो. उठला बिचारा, काही न बोलता. त्यानं भांडायला पाहिजे होतं.

एक सुचलंय. तो फोटो — धरलेल्या पेशींचा — मोठा करून फ्रेम करून आणला. ज्या माणसाचे कोष, त्यानं तो अजून बघितला पण न्हाई. उद्या पिंपळगावला जातो. फोन नको म्हणली होती, येऊ नको कुठं म्हणली? तिची पण भेट होईल. हात न्हाई केला तेवढं तरी मिटंल.

१७ जून, मंगळवार

ती न्हाई भेटली. आईसोबत शहागडला मावशीकडं गेल्ती, जायच्या आधी भेटून यायला.

कडूबा काका, म्हणजे तिचे बाबा, शेडमध्ये तुतीचा पाला टाकून राह्यले होते. तिचा भाऊ अंगद बाजूला खाटेवर. काका चांगले माणूस. पाला खाली ठेवला, हात पुसले.

"या, बसा. कोण म्हणायचं तुम्ही?"

"राजानंद. दैवशालाच्या लॅबमधला."

"गाव कोणतं?"

"केदारखेडा."

अंगद म्हणला, "केदारखेड्यात कोणाचा?"

सांगितलं. आडनावासकट. "असं असं," म्हणला आणि परत मोबाईलात.

फोटो काढून दिला. काकांनी लांब धरला, जवळ धरला. "ह्या काय, आळ्या हायत का?"

"न्हाई काका, पेशी. तुमच्या रेशमावर बसल्यात. बघा कशा धरून बसल्यात."

"म्हणजे आपला माल पास झाला?"

"पास! एक नंबर!"

काकांचं तोंड असं फुललं ना! बाहीनं काच पुसली. पुसलेलीच होती. तेवढ्यात अंगद म्हणला, "तीन महिन्याच्या ट्रेनिंगचं एवढं काय घेऊन बसला बाबा? कॉम्प्युटर-फिम्प्युटर शिकवतेत. परत येऊन पोळ्याच लाटायच्यात."

माझं डोकं फिरलं. पोळ्या? ज्या पोरीनं वर्षभर डोळे फोडून घेतले तिनं पोळ्या?

"तीन महिने कोण म्हणलं? पाच वर्षं हायत, पाच! पीएच.डी. करून राह्यली ती. नावापुढं डॉक्टर लागंल. खताच्या दुकानात बसणारी पोरगी न्हाई ती!"

"पाच वर्षं?" अंगदनं मोबाईल ठेवला.

"पाच! विश्वास न्हाई तर फोन करून विचारा!" आणि त्यांच्यासमोर फ्रेमच्या पाठीमागं पुठ्ठ्यावर लिहूनच दिलं — संस्थेचं नाव, ऑफिसचा नंबर. ते पत्र रोज वाचून पाठ झालंय मला.

काका फोटोकडंच बघत राह्यले. अंगद उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. पहिल्यांदा हसला. "बरं झालं आलास," म्हणला.

चहा ठेवतो म्हणले, मी थांबलो न्हाई. खाली मान घालून आलो न्हाई एवढं खरं. तिच्यासाठी कोणीतरी बोलायलाच पाहिजे होतं त्या घरात. काकांना ते तीन महिने कोण बोललं कोणास ठाऊक. ऐकण्यात चूक झाली असंल.

गाडीवर येताना सगळ्या रस्त्यानं तिच्याशीच बोलत आलो. बघ, तुझ्या बाबांचा माल पास झाला म्हणून सांगून आलो.

२० जून, शुक्रवार

लावला शेवटी फोन. बंद. परत लावला. बंद. शहागडला रेंज नसंल. हायवेवरच्या गावाला रेंज नसायला काय झालं? पण नसंल.

सेकंड इयरचा फॉर्म आणलाय.

२४ जून, मंगळवार

हैदराबादहून मॅडमला फोन आल्ता. दैवशाला काल रुजू झालीच न्हाई. तिच्या भावानं मागच्याच आठवड्यात तिकडं फोन करून कळवलंय — लग्न ठरलं, जागा दुसऱ्याला द्या.

मॅडम सगळ्यांना विचारून राह्यल्या, घरच्यांना तिथला नंबर दिला कोणी?